आमचं नाव भाड्यानं मिळणार नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत परराज्यातले पोलीस आले. साध्या वेशात. सकाळी साडेपाचला. मी पहिल्या पाळीला निघालो होतो, नळावर बायांची रांग लागली होती. त्यांनी एका पोराचं नाव विचारलं, खोली विचारली आणि अर्ध्या तासात त्याला घेऊन गेले. पोरगा १९ वर्षांचा. बारावी नापास. घरोघर पार्सल पोचवायचा. त्याच्या बँकेच्या खात्यात आठ दिवसांत ४ लाख रुपये आले नि गेले होते. त्यातला एक रुपया त्यानं डोळ्यांनी बघितला नव्हता. त्याला मिळाले होते ३ हजार. नाक्यावरच्या एका ओळखीच्या माणसाला त्यानं पासबुक, एटीएम कार्ड आणि चालू सिम दिलं होतं. 'दोन महिन्यांपुरतं' म्हणून.

त्याची आई संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, "तू लिवतो-वाचतोस ना रं बाबा, मग सांग. माझ्या पोरानं चोरलं तरी काय?"

मी म्हणालो, "मावशी, त्यानं काही चोरलं नाही. त्यानं नाव भाड्यानं दिलं."

तिला ते कळलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मलाही पुरतं कळलं नव्हतं. तिला जे उत्तर द्यायचं राहिलं, ते आज इथं देतोय.

"चोराला आमच्या घरात काय मिळणार?" हे वाक्य मी आमच्या वस्तीत शंभरदा ऐकलंय. मीही बोललोय. क्रेडिट कार्डाची फसवणूक, ओळख चोरणं, ही टॉवरमधल्या लोकांची दुखणी. ज्याच्याकडे माल आहे त्यानं कुलूप लावावं. आपल्याला काय? हे मत साफ चूक आहे. ज्याच्याकडे माल आहे त्याचा माल चोरतात. ज्याच्याकडे काही नाही त्याचं नाव चोरतात. मग त्या नावाच्या आडून मालवाल्याला लुटतात. पोलीस येतात ते नावाच्या मागावर. म्हणजे पैसा एकाचा गेला, मजा दुसऱ्यानं मारली आणि कोठडीत तिसरा. तो तिसरा कुठल्या वस्तीत राहतो ते बघायचं असेल तर आमच्या गल्लीत या.

हे चालतं कसं ते समजून घ्या. कुणी एक पेन्शनर फोनवर फसतो आणि २ लाख पाठवतो. ते पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेईल का? इतका खुळा तो नसतो. पैसे आधी जातात एका भाड्याच्या खात्यात. तिथून चार खात्यांत, मग दहा खात्यांत, मग एटीएममधून रोख. फोन केला ते सिमही कुणा तिसऱ्याच्याच नावावरचं. या खात्यांना पोलीस आणि बँका 'म्यूल अकाउंट' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझं वाहणारं जनावर. गोदीत, नाक्यावर, गटारात ओझं वाहिलं ते पुरलं नाही म्हणून आता बँकेतही आपल्या पोरांचं खेचर केलं. २०२४ या एका वर्षात सायबर चोरांनी देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये नेले, असं सरकारनं २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं. एवढा पैसा हवेतून जात नाही. तो कुणाच्या तरी खात्यातून, कुणाच्या तरी नावावरून जातो.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझीच पाळी आली. हप्त्यावर फोन घ्यायला गेलो. दुकानातल्या पोरानं माझा पॅन नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमचं एक लोन थकलंय." १८,४०० रुपये. कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. ज्या माणसाला बँकेचा शिपाईसुद्धा दारात उभा करत नाही, त्याच्या नावावर कर्ज! मी आधी हसलो. मग घाम फुटला.

घरी येऊन मोजलं. आधार आणि पॅनची झेरॉक्स मी कुठं कुठं दिली? गोदीच्या गेटपाससाठी कंत्राटदाराच्या ऑफिसात. खोलीच्या दलालाला. सिम विकणाऱ्या छत्रीवाल्याला. स्टेशनबाहेर क्रेडिट कार्डाचं टेबल मांडून बसलेल्या पोरीला, जी म्हणाली होती 'नुसतं चेक करते'. झेरॉक्सच्या दुकानात, ज्याच्या फोनवर मी दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले आणि पुसायला सांगितलं नाही. आणि आपल्याच एका शिबिरात. सहा ठिकाणं. यातल्या कुणी विकली ते मी शाबीत करू शकत नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. पण सहा ठिकाणी मी माझं नाव टाकून आलो होतो, हे मात्र शाबीत आहे.

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. माझ्या पणजाचं नाव गावच्या दप्तरात धोंड्या. त्याच्या भावाचं कचऱ्या. ही नावं त्यांनी घेतलेली नव्हती, त्यांच्यावर फेकलेली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर आमच्या घरांत गौतम आले, सिद्धार्थ आले, मिलिंद आले, सुजाता आल्या. ही नावं आपण कमावली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला, आणि पाटीवर नाव चढलं १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. घरं जळाली, माणसं मारली गेली. एका नावासाठी एवढं मोजलेला हा समाज आहे. त्याच समाजातला पोरगा आज स्वतःचं नाव ३ हजाराला भाड्यानं देतो आणि आपण म्हणतो, जाऊ दे, गरीब आहे. जाऊ कसं देणार?

आणि अंगठा. या देशात गरिबाला लुटायचं जुनं हत्यार म्हणजे त्याचाच अंगठा. सावकारानं कागद लिहायचा, आपण अंगठा लावायचा, कागदात काय लिहिलंय ते सावकाराला माहीत. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि कर्जखतं जाळली. त्यांना पक्कं कळलं होतं की आपला गळा कागदात अडकलाय. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यातही हेच दुखणं आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला कागदावर कसं नागवतात, ते.

आता कागद गेला, मशीन आलं. आधारचा पहिला नंबर दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० ला, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आदिवासींचं गाव. गरिबाला ओळख देतो म्हणाले. दिली. पण त्या ओळखीला कुलूप कुणी लावायचं ते सांगितलं नाही. आधारवर पैसे काढायची जी सोय आहे, तिच्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढं बास होतं. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. २०१८ साली तेलंगणात एका सिमविक्यानं जमिनीच्या खरेदीखतांवरचे लोकांचे ठसे घेतले, रबरी शिक्के बनवायच्या यंत्रावर त्याच्या खोट्या बोटांच्या प्रती काढल्या आणि त्यावर सिम चालू केली. पुढं अशाच खोट्या बोटांनी लोकांच्या खात्यातले पैसे काढल्याचे गुन्हे राज्याराज्यांत नोंदले गेले.

तारेचे दोर ओढून माझ्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या दुकानात मशीन मला तीन-तीनदा नाकारतं. खऱ्या अंगठ्याला ओळखत नाही आणि रबराच्या अंगठ्याला सलाम ठोकतं, असली ही शहाणी व्यवस्था.

आपल्या पोरांच्या वाट्याचं अन्न कसं खाल्लं जातं तेही बघा. हिमाचल प्रदेशात २०१३ ते २०१७ या काळात अनुसूचित जाती, जमाती आणि मागास विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत सुमारे २५० कोटींचा घोटाळा झाल्याचं प्रकरण २०१९ मध्ये सीबीआयकडे गेलं. पोरांच्या नावानं पैसे उचलले, पोरांना पत्ता नाही. झारखंडात २०२० साली अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्तीचं असंच उघड झालं. दलालांनी गरीब आयाबापांचे आधार आणि बोटांचे ठसे घेतले, काहींना सांगितलं की सौदीतून मदत आलीय, थोडे पैसे हातावर ठेवले आणि उरलेले वाटून खाल्ले. ही ओळख चोरणंच आहे. फरक एवढाच की चोरानं दार फोडलं नाही. फॉर्म भरून घेतला.

आता बँकांकडे वळू. बँकेच्या प्रत्येक भिंतीवर पोस्टर आहे, 'सावध राहा'. फोनवर मेसेज, 'सावध राहा'. चोरी झाली की साहेब म्हणतो, तुम्हीच सावध नव्हता. म्हणजे तिजोरी त्यांची, मशीन त्यांचं, नफा त्यांचा आणि पहारा आपला. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. ते भिंतीवर का लावत नाहीत? मी सांगतो त्यात काय लिहिलंय. चूक बँकेची असेल तर तुमचा एक पैसाही जाणार नाही. चूक ना बँकेची ना तुमची, मधेच कुणी चोरी केली आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तरीही तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत आणि झीरो बॅलन्सच्या मूळ बचत खात्यावर ५ हजारांपर्यंतच तुमच्या माथी. कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात जमा दाखवायची. ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. मात्र तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवायला एक मिनिटही लावायचा नाही. लाज वाटते म्हणून दोन दिवस गप्प बसणारा माणूस स्वतःचा हक्क बुडवतो.

हे वाचायला आपल्याला कंटाळा येतो. रुपयावर प्रबंध लिहून लंडनहून डॉक्टर झालेल्या बापाची लेकरं आपण. १९२३ साली त्यांचं ते पुस्तक आलं. आणि आपण बँकेच्या फॉर्मवर पेन्सिलीची फुली असेल तिथं सही करून मोकळे.

आपल्यातली पोरं-पोरी आता कॉल सेंटरात आहेत, मॉलमध्ये आहेत, हॉस्पिटलात आहेत. पगार खात्यात येतो, त्याच्या पाठोपाठ क्रेडिट कार्ड येतं. त्यांना दोन गोष्टी. पहिली, न मागता आलेलं कार्ड घ्यायची सक्ती नाही. संमती न घेता कार्ड दिलं आणि त्यावर बिल लावलं, तर ते बिल मागं घ्यायचं आणि वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. दुसरी, कार्ड हातात आलं की ऑनलाइन, परदेशी आणि नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय, या तिन्ही बंद-चालू करायचा हक्क २०२० पासून तुमचा आहे. बँकेच्या अॅपमध्ये बटणं असतात. जे लागत नाही ते बंद ठेवा. टेकवून ५ हजारांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात. लोकलच्या गर्दीत पाकीट मारलं तर चोराला एवढं पुरतं. आणि कार्डाच्या मागचे तीन आकडे फोनवर मागणारा कुणीही असो, बँकेचा असो की देवाचा, तो चोर.

चोर आता आपली नाडीही ओळखून आहेत. पूर्वी लॉटरी लागली म्हणायचे. आता फोन येतो, 'समाजकल्याणमधून बोलतोय, तुमची शिष्यवृत्ती अडकलीय.' 'व्हॅलिडिटीच्या फाइलला प्रोसेसिंग फी भरा.' त्यांना माहीत आहे की आपल्याला कशाची वाट बघायला लावलंय. जो माणूस सहा महिने खेटे घालतोय त्याला एक गोड आवाज पुरे होतो. ही वाट बघायला लावणारी कचेरीसुद्धा या गुन्ह्यात वाटेकरी आहे असं मी म्हणतो. दुसरा फोन येतो पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा, व्हिडिओवर. 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय.' या देशाच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पण आपल्या बापजाद्यांनी खाकीचा मार खाल्लाय, म्हणून आपण खाकी बघून आधी थरथरतो आणि मग विचार करतो. हा क्रम उलटा करा.

पलीकडे फोनवर कोण आहे तेही ध्यानात ठेवा. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. नोकरीच्या नावानं नेलेली पोरं. पासपोर्ट काढून घेतलेले, लोकांना फसवायला बसवलेले. म्हणजे फोन करणारा कित्येकदा गुलाम आणि पैसे वाहणारा खेचर. मालक दोघांनाही दिसत नाही. ही जातिव्यवस्थाच झाली की! खालचे दोघं एकमेकांना ओरबाडतात, वरचा हिशेब लिहितो.

आता आपल्या घरातली घाण. दुसऱ्याला शिव्या देऊन झाल्या की स्वतःकडेही बघायला हवं, नाहीतर आपण नुसते भाषणबाज.

खातं भाड्यानं देणारा पोरगा बिचारा नसतो. गरीब असतो, पण बिचारा नसतो. त्याला कुठंतरी माहीत असतं की फुकटचे ३ हजार कुणी देत नाही. त्याच्या खात्यातून जे गेले ते अंबानीचे नव्हते. कुणा नर्सच्या प्रॉव्हिडंट फंडाचे असतील, कुणा कामगाराच्या पोरीच्या लग्नाचे असतील. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क दुसऱ्याची ओळख वापरण्यासाठी आणि ६६ ड संगणक वापरून तोतयेगिरीसाठी, दोन्हीला ३ वर्षांपर्यंत कैद. वर फसवणुकीचं कलम वेगळं. 'मला ठाऊक नव्हतं' हे कोर्टात पटवून देईपर्यंत पोरगा जामिनासाठी खेटे घालतो आणि आई मंगळसूत्र विकते.

आणि आपली शिबिरं. जयंतीला मंडप पडतो, 'योजनांचा लाभ मिळवून देऊ' म्हणून टेबल लागतं, आधार, पॅन, जातीचा दाखला, पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स घेतात. त्याचं पुढं काय होतं? मी विचारलं. कार्यकर्ता म्हणाला, "ऑफिसात पडल्यात पोत्यात." ते पोतं शेवटी भंगारात गेलं. याद्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतात, तीनशे माणसांची नावं, फोन, आधार नंबर उघडे. आपल्या माणसाचा विश्वास आपण पोत्यात भरून रद्दीवाल्याला देतो. कंत्राटदारानं हे केलं तर मोर्चा काढू. आपण केलं तर?

मी स्वतः आता काय करतो ते सांगतो. उपदेश नाही. जमेल तेवढं करा.

एक. आधारची साधी झेरॉक्स देत नाही. आधारच्या साइटवरून झाकलेलं आधार काढतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथं पूर्ण द्यावंच लागतं तिथं झेरॉक्सवर आडवं लिहितो, कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख, सही. मे २०२२ मध्ये आधारच्या एका कचेरीनं पत्रक काढलं होतं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोन दिवसांत सरकारनं ते मागं घेतलं. सरकारनं मागं घेतलं, मी घेतलेलं नाही.

दोन. बोटांचे ठसे आधारच्या अॅपमधून लॉक करतो, रेशनच्या दिवशी उघडतो, परत लावतो. आईचं मात्र मला जमत नाही. तिचं रेशन अंगठ्यावर, तिचा फोन साधा. टॉवरवाल्याला अंगठ्याला कुलूप लावता येतं, रेशनवालीला लावता येत नाही. ही विषमता सावधपणानं मिटणारी नाही. म्हणून तिचा अंगठा कुठं कुठं लागला, ती सहा महिन्यांची यादी आधारच्या साइटवर दिसते, तेवढी मी महिन्याला बघतो.

तीन. संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. माझ्या नावावर तीन निघाली. माझ्या हातात एक. दोन 'माझी नाहीत' म्हणून कळवली.

चार. वर्षाला एकदा कर्जाचा अहवाल बघतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा नियम आहे. नावावर खोटं कर्ज दिसलं तर तिथंच तक्रार टाकायची. ३० दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये काढला.

पाच. पिन टाकायचा तो फक्त पैसे देताना. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे एक वाक्य आईला पाठ करून दिलंय.

सहा. पैसे गेले तर रडायच्या आधी १९३० ला फोन. त्याच वेळी बँकेला फोन, कार्ड बंद. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. तक्रारीचा नंबर वहीत लिहायचा. पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. चौकीत साहेब म्हणाला, 'आमच्या हद्दीत येत नाही', तर सांगायचं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवायचाय. एकट्यानं जाऊ नका. चारजण जा. आपला पत्ता बघून टेबलावरचा माणूस कसा बोलतो ते आपल्याला माहीत आहे. चौघांपुढं तो वेगळं बोलतो. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, फुकट.

पण हे सगळं करूनही मी एकटा वाचेन, गल्ली वाचणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हे चळवळीचं काम आहे. प्रत्येक शाखेत आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल लागावं. दोन पोरं, एक फोन, एक वही. येईल त्याच्या नावावरची सिमं बघायची, कर्जाचा अहवाल काढून द्यायचा, तक्रार लिहून द्यायची. आणि काम झालं की त्याचा कागद त्याच्याच हातात परत. शिबिरात झेरॉक्स गोळा करणं आजपासून बंद. लागलीच तर त्याच्यासमोर वापरा, त्याच्यासमोर फाडा. नाक्यावर खाती गोळा करणारे जे दोन-तीन असतात ते सगळ्यांना माहीत असतात. त्यांना वस्तीत तोंडावर विचारायचं. मारझोड नको. नाव घेऊन, चारचौघांत विचारायचं.

आणि मागणी कुणाकडे? बँकांकडे. २०१७ चे ते हक्क मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक शाखेच्या दारात लावा. कंत्राटदारांकडे. कामगाराची कागदपत्रं घेतली तर पोच द्या आणि काम सुटलं की परत करा. सरकारकडे. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०१८ मध्ये सांगितलं की बँक खातं आणि सिमसाठी आधारची सक्ती करता येणार नाही. मग नाक्यावरचा छत्रीवाला आजही माझ्याकडे आधारच का मागतो? आणि रेशन घेणाऱ्या बाईच्या अंगठ्याला, अंगठा बंद न करता, संरक्षण कसं देणार ते सांगा.

माझ्या नावावरचं कर्ज ४७ दिवसांनी पुसलं गेलं. वरच्या १७ दिवसांचे १७०० रुपये मी मागितलेत. अजून आले नाहीत. मी सोडणार नाही. एक रात्रपाळी १७०० पेक्षा कमीत पडते, हा भाग निराळा. ते माझ्या नावाचे पैसे आहेत.

तो पोरगा जामिनावर सुटून आलाय. तारखेला परराज्यात जातो, जनरलच्या डब्यातून. परवा मी त्याला म्हणालो, शाखेतलं टेबल तू सांभाळ. तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, माझ्याकडं कोण येणार?"

मी म्हणालो, "तुझ्याकडंच येतील. तुला माहीत आहे ते कसं घेतात."

येत्या रविवारपासून तो बसतोय. पहिलं नाव त्याच्या आईचं आहे. तिच्या नावावर किती सिम आहेत ते बघायचंय.

जयभीम.